बंदूक, दोन राज्यं आणि मधला डीलर: अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी

पेनसिल्व्हेनियात, फिलाडेल्फियाच्या उपनगरात राहणारा तुमचा मित्र शिकारीची जुनी रायफल विकायला काढतो. तुम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहता. मध्ये डेलावेअर नदी, म्हणजे दोन राज्यांची हद्द, आणि तासा-दीड तासाचा रस्ता. रविवारी त्याच्याकडे जेवायला जायचंच आहे, येताना रायफल डिकीत टाकून आणायची, पाचशे डॉलर त्याच्या हातावर ठेवायचे, विषय संपला. पुलावर कोणी गाडी थांबवत नाही, टोलसुद्धा बहुतेक पुलांवर एकाच दिशेला लागतो. पण असा व्यवहार केलात तर तुम्ही दोघंही फेडरल, म्हणजे सगळ्या देशाला लागू असलेला, कायदा मोडता. परराज्यात राहणाऱ्याला बंदूक दिली म्हणून तो, आणि परराज्यात घेतलेली बंदूक आपल्या राज्यात आणली म्हणून तुम्ही. रायफल कायदेशीर, मित्र सज्जन, दोघांचंही रेकॉर्ड स्वच्छ, तरीही.

"मग मीच आणून देतो तुझ्या घरी," असं मित्र म्हणाला तरी त्याची सुटका नाही. बंदूक कुठे पडून आहे, पैसे कुठे मोजले, हात कुठे मिळवले याला कायदा फार किंमत देत नाही. देणारा कुठल्या राज्यात राहतो आणि घेणारा कुठल्या, हे तो बघतो. दोघांची राज्यं वेगळी असली की मध्ये परवानाधारक डीलर आलाच पाहिजे. हे एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढचे बरेचसे नियम आपोआप कळतात.

या नियमाला कारण आहे. १९६३ साली अध्यक्ष केनेडींची हत्या ज्या रायफलने झाली ती मारेकरी ओस्वाल्डने शिकागोच्या एका दुकानातून खोटं नाव देऊन टपालाने मागवली होती. ती डॅलसच्या एका पोस्ट बॉक्सवर आली. तेव्हा यात काहीच अडचण नव्हती. पुढे १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गन कंट्रोल ॲक्ट आला. खाजगी माणसांनी राज्याच्या हद्दीपलीकडे परस्पर देवघेव करायची नाही, हे कलम तेव्हापासूनचं आहे.

पायरी पहिली: आधी स्वतःचा व्हिसा बघा

हे मी मुद्दाम सगळ्यात आधी घेतोय, कारण आपल्या माणसांचा घात होतो तो इथे. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, जे-१, आईवडील ज्यावर येतात तो बी-२, हे सगळे नॉन-इमिग्रंट व्हिसा. या व्हिसावर आलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. आणि तुमचा व्हिसा माहीत असून तुम्हाला बंदूक विकणारा किंवा देणारा तोही गुन्हेगार. तुम्ही पंधरा वर्षं इथे आहात, घर घेतलंय, मुलं इथेच जन्मली, ग्रीन कार्डच्या रांगेत दशकभर उभे आहात, हे सगळं खरं असलं तरी स्टेटस एच-१बी असेल तर या कायद्याच्या लेखी तुम्ही पाहुणेच.

'बाळगणं' या शब्दाची व्याप्ती बहुतेकांना ठाऊक नसते. ऑफिसची टीम डॅलसला किंवा लास व्हेगसला शूटिंग रेंजवर जाते, तिथे भाड्याने पिस्तूल मिळतं, अर्धा तास नेम धरायचा, फोटो काढायचे आणि इन्स्टाग्रामवर टाकायचे. तेही बाळगणंच. फ्लोरिडात रेहाइफ नावाच्या विद्यार्थ्याचं हेच झालं. संयुक्त अरब अमिरातीतून तो विद्यार्थी व्हिसावर आला, नापास झाल्याने कॉलेजने काढलं, स्टेटस गेलं, आणि नंतर तो एका रेंजवर जाऊन गोळ्या झाडून आला. खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१९ मध्ये न्यायालयाने म्हटलं की आपलं स्टेटस काय आहे हे आरोपीला माहीत होतं, हेही सरकारने सिद्ध केलं पाहिजे. निकाल त्याच्या बाजूने लागला खरा, पण एच-१बीवाल्याला त्याचा फारसा उपयोग नाही. आपला व्हिसा कोणता हे आपल्याला माहीत नव्हतं, असं कुठला एच-१बीवाला शपथेवर सांगणार आहे?

एक पळवाट मात्र कायद्यानेच ठेवली आहे. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याने दिलेला शिकारीचा परवाना जवळ असेल, आणि त्याची मुदत संपलेली नसेल, तर फेडरल बंदी लागू होत नाही. बऱ्याच राज्यांत त्यासाठी आधी शिकारीच्या सुरक्षिततेचा कोर्स करावा लागतो. परवान्याची मुदत संपली की सवलतही संपली, हे कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा. आणि फेडरल कायद्याने वाट दिली तरी तुमच्या राज्याचा कायदा ती बंद करू शकतो.

ग्रीन कार्ड हातात आलं की फेडरल कायद्यापुरते तुम्ही नागरिकासारखेच. तरी एक धोका उरतोच. बंदुकीशी संबंधित गुन्ह्यात दोषी ठरलेल्या परदेशी नागरिकाला देशाबाहेर काढता येतं, आणि त्यातून ग्रीन कार्डवाला सुटत नाही. अमेरिकन शेजारी ज्या चुकीपायी दंड भरून मोकळा होईल, तीच चूक तुम्हाला मुंबईच्या विमानात बसवू शकते. म्हणून व्हिसाची थोडी जरी शंका असली तर बंदुकीच्या दुकानात पाऊल ठेवण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाकडे जा.

पायरी दुसरी: तुमचं राज्य कोणतं ते ठरवा

जिथे तुम्ही राहता आणि घर करून राहण्याचा इरादा आहे, ते तुमचं राज्य. दोन राज्यांत दोन घरं असतील आणि दोन्हीकडे खरोखर राहत असाल, तर ज्या काळात जिथे राहता ते राज्य. होस्टेलमध्ये राहणारा विद्यार्थी होस्टेलमध्ये असेपर्यंत कॉलेजच्या राज्याचा रहिवासी धरला जातो. सुट्टीत तुम्ही मेन राज्यात आठवडाभर कॉटेज घेतलंत म्हणून मेनचे होत नाही.

गोंधळ होतो तो नोकरी बदलल्यावर. टेक्ससहून नॉर्थ कॅरोलायनाला येऊन सहा महिने झाले, पण पाकिटात ड्रायव्हिंग लायसन्स टेक्ससचंच. आता टेक्ससमध्ये जाऊन 'मी इथलाच' म्हणून बंदूक घेतलीत तर ते खोटं. आणि नॉर्थ कॅरोलायनातला डीलर म्हणेल, सध्याचा पत्ता असलेलं सरकारी ओळखपत्र दाखवा. तेव्हा आधी लायसन्स देणाऱ्या डीएमव्ही कचेरीची रांग, मग बंदूक. पोस्ट बॉक्सचा पत्ता चालत नाही.

विक्रेत्याच्या बाजूनेही हे लागू आहे. समोरचा परराज्यातला आहे हे तुम्हाला माहीत असेल, किंवा तसं वाटायला सबळ कारण असेल, तर तुम्ही अडकलात. म्हणून गन शोमध्ये, म्हणजे बंदुकांच्या प्रदर्शन-बाजारात, मुरलेला खाजगी विक्रेता भाव बोलण्याआधी लायसन्स मागतो. पार्किंगमध्ये तुमच्या गाडीला परराज्याची नंबर प्लेट दिसली तर काही जण तिथेच मान हलवतात. त्यात अपमान वाटून घेऊ नका.

पायरी तिसरी: आपल्या राज्यातला डीलर गाठा

फेडरल परवाना असलेल्या दुकानदाराला इथे सगळे 'एफएफएल' म्हणतात. परराज्यातली बंदूक तुमच्या हातात येते ती याच्या काउंटरवरून. पद्धत अशी: विक्रेता बंदूक तुमच्या राज्यातल्या डीलरकडे पाठवतो, डीलर ती आपल्या वहीत जमा करतो, तुम्ही जाऊन अर्ज भरता, तपासणी होते, मग बंदूक तुमच्या नावावर वहीतून बाहेर पडते. याची फी दुकानागणिक वेगळी, साधारण पंचवीस ते पंच्याहत्तर डॉलर. मोठ्या शहरांत जास्तही घेतात.

पैसे पाठवण्याआधी डीलरला फोन करा. विचारायच्या गोष्टी दोन-तीनच आहेत. खाजगी माणसाने पाठवलेलं पार्सल तुम्ही घेता का? (काही दुकानं फक्त दुसऱ्या डीलरकडून आलेलंच घेतात.) हे मॉडेल आपल्या राज्यात चालतं का? आणि फी किती? मग डीलरला त्याच्या परवान्याची प्रत विक्रेत्याकडे पाठवायला सांगा. विक्रेत्याने तो परवाना क्रमांक एटीएफच्या 'ईझी चेक' या ऑनलाइन सोयीवर टाकून बघावा. एटीएफ म्हणजे दारू, तंबाखू, शस्त्रं आणि स्फोटकं यांवर देखरेख करणारी फेडरल यंत्रणा. परवाना खरा आहे का आणि पत्ता तोच आहे का, हे तिथे मिनिटभरात कळतं.

लांब नळीच्या बंदुकीला, म्हणजे रायफल आणि शॉटगनला, थोडी सूट आहे. परराज्यातल्या डीलरच्या दुकानात तुम्ही स्वतः गेलात आणि दोन्ही राज्यांचे कायदे पाळले गेले, तर तो तिथल्या तिथे ती तुम्हाला देऊ शकतो. १९८६ पर्यंत ही सूट शेजारच्या राज्यापुरतीच होती, आता कुठलंही राज्य चालतं. म्हणजे फिलाडेल्फियाच्या मित्राला घेऊन तुम्ही तिथल्याच डीलरकडे गेलात तर कागदोपत्री हे जमण्यासारखं आहे. प्रत्यक्षात न्यू जर्सी म्हटलं की पेनसिल्व्हेनियातले बरेच डीलर हात जोडतात. दुसऱ्या राज्याचे नियम कोण पाठ करणार? पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हरला ही सूट नाहीच. ते तुमच्याच राज्यातल्या डीलरकडून घ्यावं लागतं. नुसता रिसीव्हर, म्हणजे ज्याच्यावर क्रमांक कोरलेला असतो तो मूळ सांगाडा, तोही रायफल धरला जात नाही. त्यालाही पिस्तुलाचाच रस्ता.

सायलेन्सर, आखूड नळीची रायफल, मशीनगन या वस्तूंचा कायदाच निराळा, १९३४ सालचा. अर्ज वेगळे, वेळ वेगळा. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

पायरी चौथी: पार्सल

खाजगी माणूस परराज्यातल्या डीलरकडे बंदूक पाठवू शकतो, फेडरल कायद्याची त्याला ना नाही. अडचण कुरिअरची. मोठ्या कुरिअर कंपन्या आता सामान्य गिऱ्हाइकाकडून बंदूक घेत नाहीत, परवानाधारकांकडूनच घेतात. टपाल खात्यातून पिस्तूल पाठवायच्या भानगडीत तर पडूच नका. १९२७ च्या कायद्याने त्यावर बंदी घातली आणि त्या बंदीवरून अजूनही वाद झडतायत. सोपा मार्ग म्हणजे विक्रेत्याने आपल्या गावच्या डीलरकडे बंदूक द्यावी आणि त्या डीलरने तुमच्या डीलरकडे पाठवावी. दोन्हीकडे फी जाते. पाचशेच्या रायफलीवर शंभर-सव्वाशे असे उडाले की जीव हळहळतो, पण स्वस्तातला रस्ता यापेक्षा महाग पडतो.

बंदूक रिकामी हवी, काडतुसं त्याच खोक्यात नकोत, आणि आत विक्रेत्याचं नाव, पत्ता, लायसन्सची प्रत आणि 'अमुक गिऱ्हाइकासाठी' अशी चिठ्ठी असावी. ही चिठ्ठी विसरली की डीलरच्या कपाटात बेवारस रायफल पडून राहते आणि तुम्ही रोज फोन करत बसता.

पायरी पाचवी: चव्वेचाळीस त्र्याहत्तर

काउंटरवर जो अर्ज भरायचा त्याला फॉर्म ४४७३ म्हणतात. सावकाश भरा. आपल्या लोकांची पहिली अडचण नावातच येते. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र, ड्रायव्हिंग लायसन्सवर मधलं नाव वेगळं, आणि ग्रीन कार्डवर तिसरंच काहीतरी. अर्जात पूर्ण कायदेशीर नाव लिहायचं असतं. मधलं नाव नसेलच तर 'एनएमएन' लिहायचं, नुसतं आद्याक्षर असेल तर अक्षरापुढे 'आयओ'. कागदपत्रांवर नाव तीन तऱ्हांनी येत असेल तर ते आधी एकसारखं करून घ्या, बंदुकीसाठीच असं नाही, इथल्या प्रत्येक कामाला ते लागतं. नागरिक नसाल तर ग्रीन कार्डवरचा ए-नंबर लागतो. शिकारीच्या परवान्याच्या सवलतीवर घेत असाल तर तो परवाना बरोबर ठेवा, डीलरला त्याची नोंद अर्जासोबत ठेवावी लागते.

मग प्रश्न येतात. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का, घरगुती हिंसाचाराचा गुन्हा किंवा न्यायालयाचा संरक्षण आदेश आहे का, अमली पदार्थ घेता का. गांजा तुमच्या राज्यात दुकानात खुलेआम मिळत असला तरी फेडरल कायद्याला तो मान्य नाही, हे अर्जावरच ठळक अक्षरांत छापलेलं आहे. खोटं उत्तर दिलंत तर तो स्वतंत्र फेडरल गुन्हा, दहा वर्षांपर्यंतच्या कैदेचा.

अर्ज झाला की डीलर एफबीआयच्या एनआयसीएस या पार्श्वभूमी तपासणाऱ्या यंत्रणेकडे तुमची माहिती पाठवतो. नोव्हेंबर १९९८ पासून ही तपासणी चालू आहे. काही राज्यांत ती राज्य पोलिसांमार्फत होते. उत्तर तीनांपैकी एक: 'प्रोसीड', 'डिलेड' किंवा 'डिनाइड'. बहुतेकांचं काही मिनिटांत होतं. 'डिलेड' आलं म्हणून घाबरू नका, नावसाधर्म्याने असं होतं. कामकाजाचे तीन दिवस उलटूनही एफबीआयने काही कळवलं नाही तर फेडरल कायद्याने डीलर बंदूक देऊ शकतो. द्यावीच असं नाही, आणि कित्येक दुकानं देतही नाहीत. गिऱ्हाईक एकवीसपेक्षा लहान असेल तर २०२२ च्या कायद्याने ही मुदत कामकाजाच्या दहा दिवसांपर्यंत लांबू शकते. दर वेळी नावामुळे अडकत असाल तर एफबीआयकडे स्वेच्छेने फाइल उघडता येते. त्यातून तुम्हाला एक खास क्रमांक मिळतो, तो पुढच्या अर्जात लिहायचा. 'डिनाइड' आलं तर कारण विचारण्याचा आणि अपील करण्याचा हक्क आहे.

वयाचं एक वाक्यात: डीलरकडून लांब बंदूक अठराला, पिस्तूल एकविसाला. काही राज्यांनी सगळ्यालाच एकवीस केलंय, आणि एकविसाच्या अटीवर न्यायालयांत भांडणं चालू आहेत.

'काकांसाठी घेतो' यातली मेख

या अर्जातला पहिला खरा प्रश्न असा: ही बंदूक प्रत्यक्षात घेणारे तुम्हीच आहात का? आपल्याकडे कोणी कोणासाठी वस्तू आणून देणं ही रोजची गोष्ट. मित्राच्या कार्डावर डिस्काउंट आहे, तर त्यानेच घ्यावं आणि आपण पैसे द्यावेत, यात गैर काय?

व्हर्जिनियातल्या ब्रूस अब्राम्स्की या माजी पोलिसाला हेच वाटलं. त्याच्या काकांना ग्लॉक १९ पिस्तूल हवं होतं, काका पेनसिल्व्हेनियात. पोलिसांना मिळणारी सवलत वापरून आपण ते स्वस्तात घेऊन देऊ, असं त्याने ठरवलं. काकांनी चारशे डॉलरचा चेक पाठवला आणि चेकवर खाली टिपणाच्या रेघेवर चक्क 'ग्लॉक १९ हँडगन' असं लिहिलं. अब्राम्स्कीने अर्जात 'मीच घेणारा' अशी खूण केली, पिस्तूल घेतलं, मग पेनसिल्व्हेनियातल्या डीलरमार्फत रीतसर काकांच्या नावावर केलं. काकांची तपासणी झाली, ते पासही झाले. म्हणजे आंतरराज्य हस्तांतराचा नियम त्याने अगदी तंतोतंत पाळला होता! तरी तो दोषी ठरला, आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी ते कायम ठेवलं. काका बंदूक बाळगायला पात्र होते याने फरक पडत नाही. व्हर्जिनियाच्या काउंटरवर खरा गिऱ्हाईक कोण, याचं उत्तर खोटं होतं. चेकवरची ती तीन शब्दांची ओळ पुरावा म्हणून पुरेशी होती.

ज्याला बंदूक बाळगायला मनाई आहे किंवा जो ती गुन्ह्यात वापरणार आहे अशा माणसासाठी, हे माहीत असून, खरेदी करणं हा तर २०२२ पासून वेगळा, नावानिशी गुन्हा झालाय. शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत.

मग भेट द्यायचीच नाही का? द्या. स्वतःच्या पैशाने, मनापासून भेट म्हणून घेतलीत तर 'मीच घेणारा' हे उत्तर खरं आहे. पण भेट घेणारा परराज्यात असेल तर ती त्याच्या राज्यातल्या डीलरमार्फतच जायला हवी. मुलाला वाढदिवसाची शॉटगन द्यायची असली आणि तो ओहायोत, तुम्ही मिशिगनमध्ये, तरी हेच. रक्ताच्या नात्याला फेडरल कायद्यात सूट नाही.

डीलर लागत नाही असे दोन प्रसंग

पहिला वारसा. मृत्युपत्राने, किंवा मृत्युपत्र नसेल तर वारसाहक्काच्या कायद्याने, बंदूक तुमच्याकडे आली तर ती राज्याची हद्द ओलांडून डीलरशिवाय आणता येते. अट एवढीच की तुम्ही बंदूक बाळगायला पात्र असावं आणि तुमच्या राज्यात ती चालावी. सासरे हयात असताना "तूच घेऊन जा आता" म्हणाले तर तो वारसा नव्हे, ती भेट. एच-१बीवरच्या जावयाला तर वारशातही ती मिळत नाही, शिकारीचा परवाना नसेल तर.

दुसरा प्रसंग उसनवारीचा. शिकारीसाठी किंवा नेमबाजीसाठी, कायदेशीर खेळाच्या कामाला तात्पुरती बंदूक वापरायला देणं चालतं. मोंटानाच्या मित्राकडे हरणाच्या शिकारीला गेलात आणि आठवडाभर त्याची रायफल वापरलीत, हरकत नाही. येताना ती घरी आणून दिवाणखान्यात टांगलीत की ती उसनवारी राहिली नाही.

राज्याराज्यांचे कायदे

फेडरल कायदा हा खालचा मजला, त्यावर प्रत्येक राज्य आपापले मजले चढवतं. टेक्सस किंवा जॉर्जियात एकाच राज्यातल्या दोन खाजगी माणसांना तपासणीशिवाय व्यवहार करता येतो. कॅलिफोर्नियात एकाच गल्लीतल्या दोघांनाही डीलरकडे जावं लागतं आणि वर दहा दिवस थांबावं लागतं. इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड, म्हणजे बंदूक बाळगण्यासाठी राज्याने दिलेलं ओळखपत्र, आधी लागतं. न्यू जर्सीत लांब बंदुकीला ओळखपत्र आणि प्रत्येक पिस्तुलाला वेगळं परमिट, तेही गावच्या पोलिसांकडे अर्ज करून. न्यूयॉर्कमध्ये पिस्तुलाला लायसन्स हवंच. एआर-१५ च्या जातीच्या अर्धस्वयंचलित रायफली टेक्ससमध्ये सर्रास मिळतात. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, मेरीलँड अशा राज्यांत त्यांतल्या कित्येक बेकायदा आहेत आणि तिथला डीलर त्या तुम्हाला देऊच शकत नाही. जास्त गोळ्यांच्या मॅगझिनचंही तेच. वस्तू वाटेत असताना हे कळलं तर परतीचा खर्च तुमच्या माथी.

घर बदलताना आणि वाटेत

स्वतःच्या बंदुका घेऊन दुसऱ्या राज्यात राहायला जाणं हे हस्तांतर नाही, त्याला डीलर लागत नाही. पण नवीन राज्याचे नियम पहिल्या दिवसापासून लागू. कॅलिफोर्नियात आल्यावर साठ दिवसांत नोंद करावी लागते. न्यूयॉर्कला जाताना पिस्तूल आधी नेऊन मग लायसन्स काढू, असं करता येत नाही.

वाटेतल्या राज्यांसाठी १९८६ च्या कायद्यात संरक्षण आहे. निघता तिथे आणि पोचता तिथे बंदूक बाळगणं कायदेशीर असेल, बंदूक रिकामी असेल, आणि ती व काडतुसं हाताला येणार नाहीत अशी डिकीत असतील, तर मधल्या राज्यांतून जाता येतं. डिकी वेगळी नसलेल्या गाडीत कुलूपबंद पेटी हवी, ग्लव्ह बॉक्स चालत नाही.

हे संरक्षण किती पातळ आहे ते ग्रेग रेव्हेलला नेवार्कमध्ये कळलं. २००५ साली तो युटाहून पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनला निघाला होता, चेक-इन सामानात कुलूपबंद पेटीत पिस्तूल, रीतसर घोषित केलेलं. विमानाला उशीर झाला, नेवार्कचं पुढचं कनेक्शन चुकलं, पर्यायी बसही सामान शोधण्याच्या नादात हुकली, म्हणून सामान घेऊन तो रात्री विमानतळाजवळच्या हॉटेलात गेला. सकाळी काउंटरवर येऊन प्रामाणिकपणे सांगितलं, बॅगेत बंदूक आहे. पोर्ट ऑथॉरिटीच्या पोलिसांनी अटक केली. पुढे आरोप मागे घेतले गेले, पण त्याने भरपाईचा दावा लावला तेव्हा २०१० मध्ये अपील न्यायालयाने त्याला हात दिला नाही: रात्रभर हॉटेलात बॅग तुमच्याजवळ होती, बंदूक हाताशी होती, तिथे संरक्षण संपलं. नेवार्क हा आपल्या लोकांचा रोजचा विमानतळ. बंदूक घेऊन त्या बाजूने प्रवास करणाराने कनेक्शन चुकलं तर बॅग ताब्यात घेऊ नये, विमान कंपनीकडेच राहू द्यावी.

पणजोबांची तोड्याची बंदूक

दर वेळी कोणीतरी हे विचारतंच. १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक, तोड्याची असो की चकमकीची, फेडरल कायद्यात 'बंदूक' धरली जात नाही. ती राज्याबाहेरून डीलरशिवाय घेता येते. राज्याचा कायदा मात्र बघा. पण ती गावच्या वाड्यातून इथे आणायचा विचार असेल तर तो सोडा. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू भारताबाहेर नेण्यावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने बंदी आहे. अमेरिकेच्या कस्टमपर्यंत गोष्ट येणारच नाही.

शेवटचा कागद

एकाच राज्यात, तुमच्या राज्याची मुभा असेल तिथे, खाजगी माणसाला बंदूक विकलीत तर फेडरल कायदा पावती मागत नाही. तरी करा. तारीख, मॉडेल, क्रमांक, घेणाऱ्याचं नाव आणि लायसन्सवरचा पत्ता, 'मी याच राज्याचा रहिवासी आहे आणि मला कायद्याने बंदूक बाळगायला मनाई नाही' असं त्याच्या सहीने लिहिलेलं एक वाक्य. सही द्यायला जो कां कूं करतो त्याला विकू नका. आणि नफ्यासाठी वारंवार घेणं-विकणं सुरू केलंत तर तो धंदा झाला, त्याला परवाना लागतो, मग तुम्ही त्याला छंद म्हणा किंवा आणखी काही.

बंदूक गुन्ह्यात सापडली की पोलीस तिचा क्रमांक वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला, एटीएफच्या शोध केंद्राकडे पाठवतात. तिथले लोक कारखान्याला विचारतात, मग ठोक विक्रेत्याला, मग डीलरला, आणि डीलरच्या वहीत पहिला गिऱ्हाईक म्हणून तुमचं नाव निघतं. फेडरल माग साधारण तिथेच थांबतो. पुढे ती कोणाकडे गेली हे विचारायला ते तुमच्या दारात येतील, तेव्हा तो कागद सापडला पाहिजे.